खांदा लागला नव्हता

"चाचाजी, ये बस पकड़ के बैठना है. फेंकना नहीं है. ठीक?"

सांगवान सरांनी निळ्या स्पंजचा तो विटेएवढा ठोकळा आबांच्या हातात कोंबला आणि ते घाईघाईनं शेजारच्या गादीकडे निघाले. तिथं त्याच वेळी आमच्या संघातल्या सोनमची कुस्ती लागली होती, आणि सर एकटेच होते. खरं तर माझ्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर आबांनी बसायचं काही ठरलं नव्हतं. ते माझे घरचे प्रशिक्षक म्हणून आले होते, म्हणजे गळ्यात ओळखपत्र आणि प्रेक्षकांत जागा. पण दोन गाद्यांवर दोन कुस्त्या एकदम पुकारल्या गेल्या आणि सरांचा नाइलाज झाला.

आबांनी ठोकळा दाबून पाहिला. "ह्यात काय हाय?"

"काही नाही आबा, नुसता स्पंज आहे," मी म्हणाले. "पंचांचा निकाल पटला नाही, तर हा गादीवर टाकायचा. मग ते कुस्ती थांबवतात आणि कॅमेऱ्यात परत बघतात."

"परत बघत्यात?"

"हो."

"आपण म्हटलं म्हणून?"

"हो. पण आपलं म्हणणं चुकीचं निघालं, तर समोरच्याला एक गुण जातो. म्हणून सर टाकू नका म्हणतात."

हे दुसरं वाक्य आबांनी ऐकलं की नाही, देव जाणे. नवसाचा नारळ धरावा तसा त्यांनी तो ठोकळा दोन्ही हातांत धरला होता. संघाकडून मिळालेलं जाकीट त्यांना दोन माप मोठं होत होतं आणि बाह्या दुमडून दुमडून जाड झाल्या होत्या. मला हसू आलं. त्या दिवशीचं माझं शेवटचं हसू ते.

मंगोलियातलं उलानबातरचं स्टेडियम खच्चून भरलं होतं, आणि भरलं होतं ते समोरच्या ओयुनासाठी. ती तिथलीच पोर. आशियाई स्पर्धेतली ब्राँझपदकाची कुस्ती. सरांनी आदल्या दिवशी आम्हा सगळ्या मुलींना उभं करून सांगितलं होतं, की जी इथून पदक घेऊन उठेल ती जागतिक स्पर्धेला थेट जाईल, तिला निवड चाचणी द्यावी लागणार नाही. मला पदकापेक्षा ते 'थेट' जास्त हवं होतं. चाचणीत मी दरवर्षी कुठंतरी अडकत होते आणि वय काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं.

आबांविषयी सांगायला हवं. शामराव चौगले, माझे वडील. कागलच्या पुढं आमच्या गावात त्यांची तालीम आहे, आणि एके काळी पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. ते नाव ज्या कुस्तीत बुडालं ती माझ्या जन्माआधीची, पण मला ती तोंडपाठ आहे. जत्रेचं मैदान, समोर दत्ता मांगोरे. मांगोरेनं ढाक मारली, आबा पडले, पंचांनी मांगोरेचा हात वर केला. आबा ओरडत राहिले, "खांदा लागला न्हवता! खांदा लागला न्हवता!" ते मातीतच बसून राहिले, उठायला तयार होईनात. लोक आधी हळहळले, मग हसले, मग पुढची कुस्ती बघायला लागले. दोघा पैलवानांनी आबांना काखेत हात घालून बाहेर काढलं. परत कुणी बघितलं नाही. बघायला होतं काय? विस्कटलेली माती.

तेव्हापासून आबा ती कुस्ती आमच्या सोप्यात लढत आले. पाहुणा आला, चहा झाला, की आबा फरशीवर उताणे व्हायचे आणि डावा खांदा जमिनीपासून किती वर होता ते दाखवायचे. साक्षीदार मी. "विजू, घाल हात," ते म्हणायचे. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. माझा पंजा मी त्यांच्या खांद्याखाली घालायची आणि ओरडायची, "सरकला! सरकला!" पाहुणे टाळ्या वाजवायचे. आबा खांदा मुद्दाम उचलून धरतात हे मला कळत होतं. त्यांच्या मानेची शीर फुगायची. पण मला टाळ्या आवडायच्या. आई मात्र तेवढ्यात कपबशा गोळा करून आत जायची.

माझं नावही त्यांनी विजयमाला ठेवलं. मुलगा नाही झाला तर मुलगी, पण मैदान मारायचंच. त्यांनी मला पोरांबरोबर मातीत उतरवलं, गावाच्या नाकावर टिच्चून उतरवलं. ते उपकार मी विसरले नाही. विसरू देतील तर ते आबा कसले! पण गादीवरच्या कुस्तीशी त्यांचं कधी जमलं नाही. "कुस्ती म्हंजे पाठ लावायची. ही बेरीज-वजाबाकी कसली? शाळा हाय व्हय?" असं म्हणायचे. शिबिरात मला भेटायला आले, की सांगवान सर फळ्यावर नियम समजावत असताना आबा बाहेरच्या टपरीवर चहा पीत बसायचे.

त्या फळ्यावर सरांनी एक गोष्ट आमच्याकडून घोटून घेतली होती. इथं गुण बरोबरीत राहिले म्हणून कुस्ती बरोबरीत सुटत नाही. मोठे डाव, म्हणजे एकापेक्षा जास्त गुणांचे, ज्याचे जास्त, तो जिंकतो. आणि भर कुस्तीत कुणाला हिशेब करत बसायला लागू नये, म्हणून जो पुढे असेल त्याच्या आकड्याखाली फलकावर एक रेघ येते. "रेखा देखो," सर म्हणायचे. "जिसके नीचे रेखा, उसकी कुश्ती."

शिट्टी झाली.

ओयुना माझ्यापेक्षा बुटकी, पण दंड असे की हात लावला तर खांबाला लावल्यासारखं वाटावं. पहिला हात मिळाला तेव्हाच मला कळलं, ही जोरानं ऐकणार नाही. मी वाट पाहिली. ती पुढं झुकली आणि मी तिचा एकेरी पट काढला. लहानपणापासून तालमीत हजारदा काढलेला पट. ती बसली, मी मागं गेले, दोन गुण. मागून आबांचा आवाज आला, "आता पाठ लाव! पाठ!" पण ती पालथी पडून गादीला अशी चिकटली की लावणार कुणाची? मग तिनं मला ढकलून एकदा बाहेर काढलं, एक गुण. पुढं माझा पाय सापडला तिला, आणि मी खाली आले. दोन गुण तिचे. पहिली फेरी संपली तेव्हा मी एका गुणानं मागं होते.

विश्रांतीला मी कोपऱ्यात गेले. आबांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, टॉवेलनं वारा घातला. हे सगळं त्यांना फार चांगलं येत होतं. "पंच तिच्याकडनं हाय," ते कानात म्हणाले. "मघाशी तुजी मान धरली हुती तिनं. दिसलं न्हाई त्याला?"

"आबा, तसं नाही काही. तो कुठल्या तिसऱ्याच देशाचा आहे."

"मला शिकवू नगं. पंच मला म्हाईत हाईत."

दुसऱ्या फेरीत मी तिला दमवलं. मंगोलियाच्या त्या थंडीत तिच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या तेव्हा मला जरा बरं वाटलं. आमच्या तालमीतल्या पोरांनी मला रोज जसं रगडलं होतं तसं मी तिला रगडत होते. आणि मग सापडला, तिचा उजवा पाय, पुढं आलेला, वजन नसलेला. दुसरा पट. दोन गुण. चार माझे, तीन तिचे. सगळं स्टेडियम गप्प झालं. एवढ्या माणसांना आपण गप्प केलं याचं सुख मी त्यानंतर कधी अनुभवलं नाही.

वेळ संपत आली होती. ओयुनाला एकच मार्ग उरला होता आणि तो तिनं धरला. डोकं माझ्या छातीत खुपसून ती ढकलत सुटली. मी कडेला नारिंगी पट्ट्यावर आले, वळायचा प्रयत्न केला, एक पाय मागं पडला. कुस्तीच्या बुटांचा तळ पातळ असतो. पट्ट्यापलीकडच्या मेणकापडाची शिवण माझ्या टाचेला लागली. सबंध टाचेला. मी बाहेर होते.

पंचानं लाल, म्हणजे ओयुनाच्या रंगाची पट्टी बांधलेल्या हाताचं एक बोट वर केलं. चार-चार.

स्टेडियम उसळलं. मी फलकाकडे बघितलं. माझ्या चारखाली रेघ होती. दोन गुणांचे डाव माझे दोन, तिचा एक. आता दम धरून उभं राहायचं, बस. तिला काही देऊ नये एवढंच करायचं. तेवढं मला झोपेतही जमलं असतं. मी मधोमध जायला निघाले.

तेवढ्यात माझ्या पायाशी काहीतरी मऊ येऊन पडलं.

निळा ठोकळा.

पंचानं तो उचलला. कोपऱ्यातून ठोकळा आला म्हणजे लगेच कॅमेऱ्याकडे जात नाहीत. आधी पैलवानाला विचारतात. पैलवानाला नको असेल, तर त्यानं ठोकळा आपल्या प्रशिक्षकाला परत द्यायचा. कुस्ती पुढं चालू, कुणाला गुण नाही, काही नाही. हे मला माहीत होतं. आबांना नव्हतं. पंचानं ठोकळा माझ्यापुढं धरला आणि भुवया उंचावल्या. मी तो हातात घेतला.

आबा खुर्चीतून उठून उभे होते. बाही सुटून बोटांवर आली होती. फलकाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ते माझ्या पायाकडे बोट दाखवत होते आणि ओरडत होते. गोंगाटात ऐकू येत नव्हतं, पण ते काय म्हणत होते ते मला ऐकायची गरज नव्हती. "पाय लागला न्हवता! पाय लागला न्हवता!"

चार पावलं चालत जाऊन ठोकळा त्यांच्या हातात ठेवायचा होता. एवढंच.

मी तो पंचाला दिला आणि मान हलवली. बघा, म्हणून.

मोठ्या पडद्यावर माझी टाच आली. एकदा, मग हळू, मग अगदी थांबवून. पट्टा, पट्ट्यापलीकडे शिवण, शिवणीपलीकडे माझी अख्खी टाच. लहान मूलही सांगू शकलं असतं. आबा पडद्याकडे बघत होते. मी आबांकडे बघत होते. त्यांचं तोंड मिटलं, पण बोट तसंच ताणलेलं राहिलं.

आमचं म्हणणं फेटाळलं. एक गुण ओयुनाला. पाच-चार.

राहिलेल्या वेळात मी तिच्या पायांवर जीव खाऊन तुटून पडले. तिनं माझं डोकं दाबून धरलं आणि मागं मागं सरकत राहिली. मीही तेच करणार होते की, रेघ माझ्याखाली असताना. शिट्टी झाली तेव्हा मी गुडघ्यांवर होते. ओयुनानं मला उठवलं, गळ्यात हात टाकला, काहीतरी म्हणाली. चांगली पोरगी होती. मला तिचा संताप आला.

स्टेडियमच्या मागं सराव करायची खोली होती. गुंडाळून ठेवलेल्या एका गादीवर आबा बसले. मी समोर जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. त्या सुटेनात.

"पाय आतच हुता," आबा म्हणाले.

"पडद्यावर दिसलं, आबा."

"पडदा त्यांचा. मशीन त्यांचं. त्यांच्या गावात त्यांच्याच पोरीला हरवू देतील व्हय ते?"

"चार-चार झाले होते ना, तेव्हा कुस्ती माझीच होती."

"बरोबरीत हुती."

"नव्हती. माझ्या आकड्याखाली रेघ होती. मोठे डाव माझे जास्त होते. नुसतं उभं राहायचं होतं मला. तुम्ही काही केलं नसतं तर..."

"कसली रेघ?"

मी सांगितलं. सर फळ्यावर सांगायचे तसं सांगितलं, हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं. आबांना कळलं. त्यांना कळलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण ते एकदम म्हातारे दिसायला लागले. मला वाटलं, आता म्हणतील. चुकलं माझं, पोरी. मला दुसरं काही नको होतं. तेवढं म्हणाले असते, तर मीच त्यांना जवळ घेतलं असतं.

दार ढकलून सांगवान सर आत आले. सोनम जिंकली होती. तिच्या घामानं त्यांचं जाकीट अजून ओलं होतं. पण चेहऱ्यावरचा राग आमच्यासाठी होता.

"ईंट किसने फेंकी? मैंने मना किया था. चाचाजी, किसने कहा था फेंकने को?"

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते दाराकडे बघत म्हणाले, "पोरगी बोली. उसनेच इशारा किया, फेंको करके."

खोलीत दुसऱ्या देशांच्या मुली दोरीच्या उड्या मारत होत्या. त्यांचा टपटप आवाज चालू राहिला.

सर माझ्याकडे वळले. "तूने? चार-चार पे? रेखा नहीं दिखी तुझे?"

मी आबांकडे बघितलं. ते आपल्या बाह्या दुमडत होते, एकेक घडी, नीट.

"हां सर," मी म्हणाले. "मैंने ही बोला था."

सर हिंदीत एवढंच म्हणाले, की ताकद देवानं भरभरून दिली आहे हिला, डोकं द्यायला विसरला. आणि गेले.

आबांनी खिशातून रुमाल काढून माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही.

ते एक वाक्य माझ्या मागं शिबिरात आलं, चाचणीत आलं, निवड करणाऱ्यांच्या तोंडी बसलं. ताकद आहे, डोकं नाही. चाचणीत दोघी सारख्याच ठरल्या, की दुसरीला घ्यायचे. जागतिक स्पर्धेला सोनम थेट गेली. मी परत कधी देशाबाहेर गेले नाही. गुडघा गेला, मग वय गेलं. आता मी गडहिंग्लजला एका शाळेत खेळ शिकवते आणि संध्याकाळी मुलींची तालीम घेते. शनिवार-रविवार गावी येते.

गावात मात्र मी हरलेच नव्हते. आबांनी एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या सांगून टाकलं होतं, पंचांनी हरवलं पोरीला. ट्रॅक्टरवर बसवून मिरवणूक निघाली. हलगीवाल्यांनी माझ्या कानाशी हलगी बडवली. बायकांनी ओवाळलं, म्हणाल्या, "देव बघतोय गं त्यांच्याकडं." मी मान खाली घालून उभी राहिले. मला वाटत होतं, सगळ्यांच्या समोर ओरडावं. पण ट्रॅक्टरवर आबा शेजारीच उभे होते, फेटा बांधून, आणि माझा हात त्यांनी वर धरला होता. जत्रेच्या मैदानात त्यांचा हात कुणी असा धरला नव्हता.

त्या दिवसापासून सोप्यात दोन कुस्त्या सुरू झाल्या. आधी आबांचा खांदा, मग माझा पाय. आमच्या फरशीला भिंतीकडेनं काळी पट्टी आहे. तीच उलानबातरची कड. "विजू, दाखव गं, पाय कुठं हुता." आणि मी जायची, काळ्या पट्टीच्या अलीकडे टाच टेकवायची. पाहुणे चुकचुकायचे. आई कपबशा घेऊन आत. ठोकळा टाका असं कुणी सांगितलं, याचा त्या गोष्टीत कधी उल्लेख नसायचा. माझ्याकडेही कधी तो विषय निघाला नाही. मला राग येत नव्हता असं नाही. मी पट्टीवर टाच ठेवताना दातावर दात दाबून धरलेले असायचे, आणि पाहुण्यांना वाटायचं, पोरीला अजून दुःख आहे.

गेल्या महिन्यात सांगलीला मुलींच्या राज्य स्पर्धा होत्या. माझी आरती भोसुरे फायनलला होती, आणि कोपऱ्यात मी. एक निकाल मला खटकला आणि मी ठोकळा टाकला. पंचानं तो आरतीपुढं धरला. तिनं तो घेतला, तरातरा चालत माझ्याकडे आली आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"नको बाई. गेला होता माझा पाय बाहेर," ती म्हणाली आणि परत जाऊन जिंकली.

मला तिचा अभिमान वाटायला पाहिजे होता. वाटलाही, पण नंतर. आधी मला तिचा हेवा वाटला. असा हेवा की तो ठोकळा मी घट्ट दाबून धरला.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी मी घरी होते. जत्रा कमिटीचे मगदूमकाका आले होते. यंदाच्या मैदानात जुन्या वस्तादांचा सत्कार करायचा होता आणि आबांचं नाव त्यात होतं. आबांचं वय आता झालंय. उठताना भिंत धरावी लागते. पण सत्काराचं ऐकून त्यांच्या अंगात वारं भरलं. चहा झाला आणि त्यांनी हाक मारली.

"विजू! ये. मगदूमांना दाखव, त्या मंगोलियात तुझा पाय कुठं हुता."

मी आतून आले. आई दारात ट्रे घेऊन उभी होती. मी भिंतीजवळ गेले, काळ्या पट्टीपाशी थांबले आणि टाच पट्टीच्या पलीकडे टेकवली. पार पलीकडे, भिंतीला लागेल अशी.

"इथं होता, काका."

"आं?" आबा म्हणाले. "नीट ठेव."

"नीटच ठेवलाय. पाय बाहेर होता, आबा. पंच बरोबर होते. मला तेव्हाच कळलं होतं. आणि ठोकळा टाका, असं मी कुणाला सांगितलं नव्हतं."

मगदूमकाकांनी रिकाम्या कपात बघायला सुरुवात केली. आई पहिल्यांदाच आत गेली नाही. बाहेर तालमीत पोरं जोर मारत होती, त्यांचे हुंकार येत होते. मी वाट बघत उभी राहिले. आता तरी म्हणतील. उशिरा का होईना, म्हणतील.

आबांनी खांद्यावरच्या टॉवेलनं गुडघे पुसले. मग ते मगदूमकाकांना म्हणाले, "आसंल. हिचा आसंल बाहेर. पोर हाय, गडबडली आसंल." थोडं थांबून ते म्हणाले, "माझा खांदा मात्र लागला न्हवता."

आणि ते फरशीवर आडवे व्हायला लागले. एका हातानं भिंत धरली होती, दुसरा हात त्यांनी माझ्याकडे केला. काय करणार? मी तो धरला आणि त्यांना हळूच खाली उतरवलं. ते उताणे झाले, श्वास घेतला.

"घाल हात," ते म्हणाले.

मी गुडघ्यावर बसले. माझा पंजा आता तो राहिलेला नाही. दोन बोटं मोडून वाकडी बसली आहेत. मी तो त्यांच्या डाव्या खांद्यापाशी नेला. खांदा फरशीला सपाट टेकला होता. आबांनी तो उचलायचा प्रयत्न केला. मानेची शीर फुगली, हनुवटी थरथरली, पण खांदा काही सुटला नाही. बोटांची टोकंही आत जाईनात. ते माझ्या डोळ्यांत बघत होते. उलानबातरला त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं होतं. आता नजर हलवत नव्हते.

मगदूमकाका खुर्चीतून पुढं वाकले. "काय गं, सरकतोय का?"

माझा हात तिथंच होता, थंड फरशीवर, त्यांच्या खांद्याला लागून.

"सरकला," मी म्हणाले.

आबांनी मान सैल सोडली आणि छताकडे बघत हसले.

"बगा मगदूम," ते म्हणाले. "आत्ताच बगितलंसा न्हवं? माझी पोरगी कधी खोटं बोलत न्हाई."